चेरी ओळखायची तर फुलाकडे शेवटी बघा

मंडळी, नमस्कार. समुद्रकाठच्या गावातली, म्हणजे कॅनडातल्या व्हँकुव्हरची, शोभेची चेरी कशी ओळखायची हा विषय, आणि बोलतोय जळगावात. कारण सांगतो. दर फेब्रुवारी-मार्चला आपल्या ग्रुपवर गुलाबी झाडाचा फोटो फिरतो, खाली लिहिलेलं, 'आपल्याकडेही चेरी ब्लॉसम'. ते बहुतेक वेळा टॅबेबुया असतं हो! मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पाकळ्या खाली जुळून नळी झालेली. चेरीच्या पाकळ्या सुट्या असतात. टॅबेबुया देखणाच आहे, मग त्याचं कौतुक त्याच्या नावानं करा ना.

आता आमच्या शेजारच्या अप्पांचं ऐका, हे मला सांगायचंच आहे. एका नर्सरीवाल्यानं त्यांना चेरीचं रोप दिलं, लेबलवर जपानचा फोटो. अप्पांनी मे महिन्यात, टँकर येतो तेव्हा, स्वतःच्या वाट्याचं पाणी त्याला घातलं, दुपारी गोणपाट बांधलं, आणि मी दिसलो की विचारायचे, "भाऊ, याले गुलाबी फुलं कधी येतीन?" आली ती पांढरी, एकेकटी, पानं हाताला चिकट, मग लाल गोड फळं. सिंगापूर चेरी! खऱ्या चेरीशी तिचं दूरचंही नातं नाही. झाड गुणी आहे, बुलबुल हटत नाहीत तिथून, पण शोभेच्या चेरीला फुलण्याआधी कित्येक आठवडे चांगली थंडी लागते, ती आपल्या जळगावात कुठली? हे विकणाऱ्यानं सांगायला नको का? म्हाताऱ्या माणसाला आशेवर ठेवलं, याचा मला अजून राग येतो.

हं, तर व्हँकुव्हर. लेक तिथे असते म्हणून वसंतात राहून आलो. समुद्रामुळे हवा सौम्य, त्यामुळे काही जाती फेब्रुवारीतच फुलतात, काही पार मेपर्यंत. तिथल्या बरार्ड स्टेशनबाहेरची अकेबोनो जातीची चेरी बघायला तर लोक मुद्दाम येतात. पण तिथेसुद्धा जांभळ्या पानांचा प्लम, म्हणजे आलुबुखाराच्या कुळातला, मार्चमध्ये फुलला की लोक त्यालाच चेरी म्हणतात, कारण सगळे फुलाचा रंग बघतात. माझं म्हणणं एवढंच की आधी खोड बघा. चेरीच्या सालीवर आडव्या रेघा असतात, ठळक. आणि कलमाची गाठ शोधा, हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको, रानबोरीवर मेहरूणच्या बोराचा डोळा भरणारी माणसं आपण! तिथे रानचेरीच्या खोडावर कलम करतात, कधी पार डोक्याच्या उंचीवर, तिथे साल बदललेली दिसते. खालच्या खोडाला फुटवे आले तर एकाच झाडावर वर गुलाबी भरगच्च फुलं आणि खाली साधी पांढरी. लोक चमत्कार समजतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, बरं, पटापट घेतो. चेरीच्या एका कळीतून लांब देठांची तीन-चार फुलं झुबक्यानं निघतात, प्लमची एकटी-दुकटी, आखूड देठाची. चेरीच्या पाकळीच्या टोकाला खाच असते, प्लमची पाकळी गोल. चेरीच्या पानाच्या देठावर पुटकुळ्यांसारख्या बारीक ग्रंथीही असतात. मग जात. अकेबोनो म्हणजे फिकट गुलाबी, बहुतेक पाच पाकळ्या, पानं यायच्या आत फुलते. कान्झान उशिरा, गडद गुलाबी, वीस-पंचवीस पाकळ्या, सोबत तांबूस कोवळी पानं. शिरोताए पांढरी, फांद्या आडव्या पसरलेल्या. उकोन पिवळसर हिरवट, ती चुकूच शकत नाही. आणि जपानची प्रसिद्ध सोमेई-योशिनो, ती सगळी एकाच झाडाची कलमं, म्हणून एका गावातली जवळपास एकदमच फुलतात, आपल्या टिश्यू कल्चरच्या केळीसारखं, एका लॉटची झाडं एकदम निसवतात, घड टाकतात ना, तसंच.

आपल्या देशात बघायची असेल तर नोव्हेंबरात शिलाँगला जा, तिथलं पद्मक ही अस्सल चेरी आहे, आणि तिथेही आधी खोडाला हात लावून आडव्या रेघा शोधा.