कळलावीचं उलटं टांगलेलं चित्र

श्रोतेहो, नमस्कार. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली आहे. घरोघरी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधून टांगायच्या चौकटीच्या, लाकडांची पुसपूस सुरू झाली असेल, आणि तिला बांधायचं कवंडळाचं रानफळ यंदा कुठं मिळेल याची चौकशीही. या दिवसांत मला दरवर्षी एक प्रदर्शन आठवतं. आज बोलायचंय ते अशाच प्रदर्शनांविषयी, म्हणजे वनस्पती उद्यानात भरणाऱ्या चित्रांच्या आणि छायाचित्रांच्या प्रदर्शनांविषयी. शहरातल्या दालनात नव्हे, बागेत. जिथं भिंतीवर फुलाचं चित्र असतं आणि दाराबाहेर तेच फूल वाऱ्यावर हलत असतं.

बरीच वर्षं झाली. गोव्यातल्याच एका सार्वजनिक बागेत रानफुलांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन होतं आणि चित्रं टांगायच्या कामात मीही होतो. मुख्य भिंतीवर मधोमध एक मोठं छायाचित्र लावलं होतं कळलावीचं. अग्निशिखा म्हणतात ती हीच. ज्वाळेसारख्या सहा पाकळ्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. आम्ही ते असं लावलं होतं की ज्वाळा खाली आणि पुंकेसर वर. दुकानातून चौकटीला आकडा त्याच बाजूनं लागून आला होता, आम्ही टांगून मोकळे झालो. तीन दिवस लोक येत होते, वाखाणत होते. शाळेची मुलं रांगेनं येऊन गेली. कोणी काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी धो धो पाऊस आला. सत्तरी तालुक्याकडची एक म्हातारी बाजारात माटोळीचं सामान विकून परतत होती, ती टोपली डोक्यावरून उतरवून आमच्या पडवीत आडोशाला उभी राहिली. मी म्हटलं, ‘मावशे, भितर यो, बस.’ ती आत आली, पण बसली नाही. पदरानं तोंड पुसत एकेका चित्रापुढं उभी राहायची, नाव पुटपुटायची आणि पुढं सरकायची. एकाही चिठीवर कोकणी नाव नव्हतं, मराठीही नव्हतं, फक्त लॅटिन. तिला तरी चिठी कुठं हवी होती!

कळलावीपाशी ती थांबली. मान वाकडी केली. मग मला म्हणाली, ‘पुता, हें फूल उमथें लायलां.’ उलटं लावलंय म्हणे!

मी म्हटलं, फूल असंच असतं ना, पाकळ्या खाली. ती वाद घालत बसली नाही. टोपलीपाशी गेली, विकायचं उरलेलं सामान बाजूला सारलं, घागऱ्या नावाच्या रानफुलांची एक जुडी, दोन तोरिंगं म्हणजे मोठी लिंबं, आणि तळातून कळलावीचा एक वेल ओढून काढला. वेलावर एक फूल होतं. तिनं ते चित्राशेजारी धरलं आणि म्हणाली, ‘तकली सकयल करून फुलता तें.’ डोकं खाली घालून फुलतं ते!

आणि खरंच, श्रोतेहो. कळलावीचं फूल देठावर खाली मान घालून लोंबतं, आणि पाकळ्या मागं वळून वर आभाळाकडे जातात. पुंकेसर खाली पसरतात, आणि मधली कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, तर मोडल्यासारखी काटकोनात बाजूला वळते. मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. एका पुंकेसराच्या टोकाला पावसाचा थेंब होता. तो थेंब वर उभा होता. पाण्याचा थेंब, वर उभा! तीन दिवस शेकडो डोळ्यांसमोर तो तसा होता, माझ्या डोळ्यांसमोरही, आणि कुणालाच दिसला नव्हता.

चौकट उतरवली, फिरवली, पुन्हा टांगली. थेंब लोंबायला लागला.

सांगायचं ते एवढ्यासाठीच. चित्र पाहा आणि झाडाकडे जा. झाड पाहा आणि चित्राकडे परत या. दालनात हे होत नाही, बागेत होतं.

पणजीत चर्चजवळच्या बागेला ज्याचं नाव आहे, तो गार्सिया द ओर्ता पोर्तुगीज वैद्य. त्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. दोन माणसांच्या संवादातून सगळी माहिती, पण वनस्पतीचं चित्र एकही नाही. आता कळलावी नुसत्या शब्दांनी सांगून पाहा बरं! म्हणून चित्रकार लागतो. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारची वनस्पती बाग होती. तिथं १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकारानं झाडांची सुंदर चित्रं काढली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकाराची नोंद फक्त ‘पोर्तुगीज-भारतीय’ अशी. नाव लिहून ठेवलेलं नाही. तो आपल्याच कुठल्यातरी वाड्यावरचा असावा असं माझं मन म्हणतं, आणि त्याचं नाव कुणी लिहिलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. लंडनच्या क्यू उद्यानात मात्र मेरिअन नॉर्थ या बाईंच्या आठशेहून अधिक चित्रांचं दालन १८८२ पासून तिच्याच नावानं उभं आहे.

तेव्हा प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझं सांगणं, चिठीवर आधी गावातलं नाव घाला, लॅटिन त्याच्या खाली. चित्रकाराचं नाव ठळक घाला. जलरंगाचा कागद पावसाळ्यात ओल धरतो, त्याला बुरशी येते, तेव्हा चौकट भिंतीला चिकटवू नका, मागं वारा खेळू द्या. आणि उद्घाटनाला प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले पुष्पगुच्छ देऊ नका. बागेत तरी नको. प्लॅस्टिकची फळं माटोळीला बांधतात तेही मला बघवत नाही, पण तो विषय मोठा आहे.

पाऊस थांबला तशी मावशी निघाली. वेल मात्र ठेवून गेली, पैसे काही घेतले नाहीत. आम्ही तो पाण्याच्या पेल्यात घालून चित्राखाली ठेवला, मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच, कारण कळलावी विषारी, कंद तर फारच. वेलाला एक कळीही होती. दुसऱ्या दिवशी ती उमलली, हिरवट पिवळी, खाली मान घालून. मग पिवळ्याचा शेंदरी होत गेला. लोक आधी पेल्याकडे बघायचे, मग वर चित्राकडे, मग परत पेल्याकडे. शेवटच्या दिवशी चौकटी उतरवताना पाहिलं, तर चित्रातल्या पाकळ्या अजून बुडाशी पिवळ्या होत्या आणि पेल्यातलं फूल पार लाल झालं होतं.

नमस्कार.