रात्री साडेदहाला आलेला रिपोर्ट

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वी पस्तिशीतले एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. कंपनीने करवून घेतलेल्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट त्यांच्या मोबाइलवर रात्री साडेदहाला आला होता. त्यात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे प्रमाण ६ टक्क्यांच्या मर्यादेऐवजी ८ टक्के होते आणि त्या आकड्यापुढे ठळक अक्षरांत ‘हाय’ असे छापले होते. सकाळी मी दवाखाना उघडला तेव्हा ते पायरीवर बसलेले होते आणि रक्ताच्या कर्करोगावर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण कोणत्या शहरात होते, इथपर्यंतची माहिती त्यांच्याजवळ तयार होती. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता.

आपल्याकडे इओसिनोफिल थोडे वाढण्याची नेहमीची कारणे म्हणजे ॲलर्जी, दमा आणि पोटातले जंत. हे मी त्यांना सांगितले, त्यांचा चेहरा उजळला, ते आभार मानून गेले आणि चौथ्या दिवशी पुन्हा आले. आज मला बोलायचे आहे ते या चौथ्या दिवसाविषयी.

त्याआधी त्या ‘हाय’चा हिशोब पाहू. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा सहसा अशी आखतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तीत बसावेत. म्हणजे उरलेले ५ टक्के निरोगी असूनही व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एका धडधाकट माणसावर केल्या, तर त्यातली किमान एक तरी ‘हाय’ किंवा ‘लो’ येण्याची शक्यता ६४ टक्के भरते. सवलतीच्या दरातल्या पॅकेजमध्ये साठ-सत्तर चाचण्या असतात. त्यातल्या अनेक परस्परांशी निगडित असल्यामुळे हे गणित तिथे जसेच्या तसे लागू पडत नाही, तरीही सगळे आकडे साध्या अक्षरांत छापलेला रिपोर्ट मिळणे हेच खरे तर नवलाचे.

आता इंटरनेटवरच्या शोधाच्या यंत्राकडे वळू. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८-०९ च्या सुमारास लोकांच्या आरोग्यविषयक शोधांचा अभ्यास केला. त्यांना आढळले की डोकेदुखीबद्दल शोध घेणाऱ्यासमोर मेंदूतील गाठ आणि चहा-कॉफी सुटल्यामुळे होणारी डोकेदुखी ही दोन्ही कारणे जवळपास सारख्याच वारंवारतेने येत होती. प्रत्यक्षात मेंदूची गाठ फार क्वचित होते, आणि चहा चुकल्यावर डोके दुखणारा माणूस आपल्या प्रत्येक घरात आहे. कोणता आजार किती दुर्मीळ, हे पडद्यावरच्या यादीतून कळत नाही. भीतीने धडधडणारा माणूस मात्र क्रमाने पहिल्या ओळीवर बोट न ठेवता सर्वांत भयंकर ओळीवर ठेवतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. या सवयीला इंग्रजीत ‘सायबरकॉन्ड्रिया’ असे नाव पडले आहे.

तरी सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे मला पटत नाही. भारतातल्या प्राथमिक वैद्यकीय भेटीचा कालावधी सरासरी सुमारे दोन मिनिटे असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात नोंदले गेले. दोन मिनिटांत जे विचारता आले नाही, ते माणूस रात्री मोबाइलला विचारणारच. ‘मी गूगलवर वाचलं’ हे शब्द कानावर पडताच कपाळाला आठ्या घालणारे आम्ही डॉक्टरही या गोष्टीत निरपराध नाही.

तर, तो चौथा दिवस. १९८६ मध्ये पॉल साल्कोव्स्किस आणि हिलरी वॉरविक या ब्रिटिश संशोधकांनी असे मांडले की आजाराच्या भीतीने ग्रासलेल्या माणसाला मिळणारा दिलासा त्याची भीती तात्पुरती उतरवतो आणि नेमक्या त्याच कारणाने ती टिकवून धरतो. खाज सुटलेल्या जागी खाजवल्याने होते तसेच हे आहे: क्षणभर बरे वाटते, म्हणून हात पुन्हा तिकडे जातो आणि कातडी सोलवटते. माझ्या रुग्णाला खरे तर माहिती नको होती, ती त्याच्याकडे माझ्याहून अधिक होती. त्याला हवी होती शंभर टक्के खात्री, आणि ती कोणतेही संकेतस्थळ किंवा कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. घरातल्या माणसांनी दिवसातून दहादा ‘अहो, काही नाही झालेलं तुम्हाला’ म्हणणे हेही, माया कितीही असली तरी, दहा वेळा केलेल्या शोधासारखेच काम करते.

त्यात शरीरही साथ देते. मानेतली गाठ वाढली का, हे दर तासाला बोटाने दाबून पाहिले की ती जागा दुखू लागते. भीतीने श्वास भरभर होऊ लागला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात. मग मुंग्यांचा शोध सुरू होतो आणि पडद्यावर मज्जासंस्थेचे आजार उमटतात. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आपल्या पूर्वजांनी मोबाइल न पाहताच रचली आहे.

अशा माणसाची टिंगल करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण ती टिंगल महागात पडते. स्वीडनमधील एका मोठ्या अभ्यासात, जो २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, हायपोकॉन्ड्रियाचे, म्हणजे आपल्याला गंभीर आजार असल्याच्या सततच्या भीतीचे, निदान झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले आणि आत्महत्येचा धोका सुमारे चौपट दिसला. म्हणून छातीत दाबल्यासारखे दुखणे, शौचातून रक्त पडणे, कारण नसताना वजन घटणे या तक्रारी अशा रुग्णाने केल्या तरी त्या तपासल्याच पाहिजेत. आणि भीतीच मुख्य आजार आहे असे दिसले, तर तिच्यावरही रीतसर उपचार करायला हवेत. विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसोपचाराचा यात उपयोग होतो, हे चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

माझ्या गृहस्थांना मी शोध बंद करा असे सांगितले नाही, कारण ते त्यांना जमले नसते. शंका आली की ती वहीत लिहायची, शेजारी भीतीला शंभरपैकी गुण द्यायचे, आणि शोध दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता घ्यायचा, एवढेच ठरवले. घरच्यांनीही प्रश्नाचे उत्तर न देता ‘वहीत लिहिलंत का?’ एवढेच विचारायचे होते. पहिल्या आठवड्यात हा करार दोनदा मोडला. तरी बहुतेक शंकांचे गुण संध्याकाळपर्यंत निम्म्यावर येत होते आणि हे त्यांच्याच हस्ताक्षरात दिसत होते. सहाव्या आठवड्यात ते वही घेऊन आले तेव्हा शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता: इओसिनोफिल मुळात वाढले कशाने? तेव्हा कुठे बोलता बोलता कळले की दररोज सकाळी उठल्याबरोबर त्यांना पंधरा-वीस शिंका येतात. ही गोष्ट त्यांनी मला आधी सांगितलीच नव्हती, कारण शिंकांना ते आजार धरत नव्हते.