भिंतीवर बारा चेहरे

(दृश्य : चिऱ्याच्या भिंतीवर आडवी ताणलेली सुतळी. तिला चिमट्यांनी प्रिंट अडकवले जात आहेत. हात दिसतात, माणूस दिसत नाही.)

निवेदन :

बारा प्रिंट, सगळे आठ बाय बारा इंचांचे. हौसेतून व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्या फोटोग्राफरने दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर काढलेले बारा चेहरे. आज त्यांची समीक्षा आहे.

फोनवर हे फोटो ज्यांनी पाहिले त्या सगळ्यांनी छान म्हटलं. फोनचा पडदा लहान असतो आणि झगझगीत असतो, अंगठा पुढे सरकायला सेकंदही लागत नाही. कागदावर तसं होत नाही. आठ बाय बारा इंचांत पापण्यांचे केस वेगळे दिसतात की नाही, ते लपत नाही. एवढ्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम साडेआठ मेगापिक्सेल. आजचा कुठलाही कॅमेरा ते देतो. हौशी माणूस प्रिंट काढत नाही ते कॅमेऱ्यामुळे नव्हे; प्रिंट पाहायला तो अजून धजावलेला नसतो.

समीक्षेला बसताना फोटोग्राफरने तोंड बंद ठेवायचं. ‘उशीर झाला होता’, ‘आजी हसायलाच तयार नव्हत्या’, हे सगळं खरं असेल, पण गिऱ्हाइकाच्या भिंतीवर फोटो लागेल तेव्हा ते सांगायला तिथे कुणी नसणार. समीक्षकालाही शिस्त हवी. त्याने आधी दिसतं ते सांगायचं : नजर पहिल्यांदा कुठे गेली, उजेड कुठून येतोय, हात काय करतायत. मग खटकतं ते, मग त्याचं कारण आणि शेवटी पुढच्या वेळी काय करायचं ते. ‘मजा नाही आली’ हे वाक्य या खोलीत चालणार नाही, कारण त्यावरून उद्या कॅमेऱ्याचं एकही बटण बदलता येत नाही.

बोलवायचं कुणाला? तीन प्रकारची माणसं हवीत. फोटोवर पोट असलेलं एक. चित्र काढणारं एक. चिपळूणजवळच्या सावर्ड्याला चित्रकला महाविद्यालय आहे, व्यक्तिचित्रं करणारे हात कोकणात दुर्मीळ नाहीत. वर्षानुवर्षं डोकी रंगवलेल्या माणसाला कातडीखालची कवटी दिसते, गालाचं हाड कुठे वळतं ते तो बोटाने दाखवतो. आणि तिसरं माणूस म्हणजे ज्याचा फोटो आहे ते स्वतः. त्याचं मत तंत्राचं नसेल, पण ‘मी असा बसत नाही’ हे तोच सांगू शकतो.

(दृश्य : पहिला प्रिंट. पडवीत बसलेली वृद्धा, मान किंचित वळलेली. कॅमेरा हळूहळू डोळ्यांकडे जातो.)

पडवीतला उजेड पोर्ट्रेटसाठी अप्रतिम असतो. वर कौलांचा उतार, समोर मोकळं खळं. आकाशाचा मऊ उजेड एकाच बाजूने आत येतो. इथे तो नीट वापरलाय. फसलंय ते फोकसमध्ये. जवळचा डोळा लख्ख, दूरचा विरघळलेला, आणि नथीवर धूसर ठिपका. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, ८५ मिलिमीटरची लेन्स, एफ १.८ म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडलेलं, आणि दीड मीटर अंतर. या मापाला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग लख्ख येतो तो, साधारण साडेतीन सेंटिमीटर मिळते. मान वळली की दोन डोळ्यांतलं पुढचं-मागचं अंतर तेवढ्यात मावत नाही. छिद्र लहान करून एफ ४ ठेवलं की ती खोली साडेसात सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि दोन्ही डोळे वाचतात. पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर आजींना भिंतीपासून दोन मीटर पुढे आणा. महागड्या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून फोटो काढण्याचा मोह प्रत्येक नवख्याला होतो आणि समीक्षेत सर्वांत जास्त फोटो त्यानेच पडतात.

याच रांगेतला चौथा प्रिंटही लगेच पाहून घ्या. नाक मोठं, कान मागे गेलेले. लेन्सला दोष देऊ नका, दोष अंतराचा आहे. ३५ मिलिमीटरची रुंद लेन्स लावून चेहऱ्याने चौकट भरायची म्हणजे कॅमेरा अगदी तोंडाजवळ न्यावा लागतो. दीड मीटरच्या आत जायचं नाही, एवढं पाळलं की बहुतेक चेहरे स्वतःसारखे दिसतात.

(दृश्य : खलाशाचा प्रिंट. मागे चमकणारा समुद्र, चेहरा काळवंडलेला.)

किनाऱ्यावरची ही नेहमीची चूक. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं जग मध्यम करड्या रंगाचं मानतो. मागे उन्हातला समुद्र असला की तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि सावलीतला सावळा चेहरा बुडतो. दोन्हींत तीन स्टॉपचा फरक सहज असतो; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. इथे दीड स्टॉप वर न्यायला हवं होतं, समुद्र थोडा पांढरा झाला तरी चाललं असतं. उलट सावळ्या चेहऱ्याने चौकट भरली आणि स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणं, असलं, तर मीटर त्याला उगाच उजळ करून राखाडी काढतो. तिथे अर्धा ते एक स्टॉप खाली यायचं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, पाहायचा, पण चेहऱ्यासाठी पाहायचा, आभाळासाठी नाही.

समुद्र आणि चेहरा दोन्ही हवेत, तर फ्लॅश लागेल. शटर १/२०० सेकंदाच्या पुढे नेलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅशचा उजेड चौकटीच्या एका भागात पोहोचत नाही, काळी पट्टी येते. संध्याकाळी सूर्य पाण्यावर उतरला की फ्लॅशला नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पापुद्रा, लावायची. नाहीतर चेहरा निळसर पांढरा आणि मागे केशरी आभाळ, जणू माणूस नंतर चिकटवलाय.

(दृश्य : पोफळीच्या वाडीत उभी नवरी.)

लग्नाआधीच्या फोटोंसाठी सगळे वाडीत जातात. हिरवं, थंड, सुंदर. आता तिचा उजवा गाल पाहा, मग डावा. उजव्यावर आकाशाचा निळसर उजेड, डाव्यावर झावळ्यांतून गाळून आलेला हिरवा. दोन गाल दोन रंगांचे असले की व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाचा रंग सुधारण्याचा, एक आकडा दोघांना पुरत नाही. हिरवा काढायला टिंट मॅजेंटाकडे सरकवला की निळा गाल जांभळा होतो. संगणकावर तासभर घालवूनही हे धड सुटत नाही. जागेवर दोन मिनिटांत सुटतं : तिला वाडीच्या कडेला आणा, जिथे समोरून मोकळं आकाश आहे, आणि हिरव्या बाजूला पांढरी चादर धरा. पहिल्याच फ्रेममध्ये, नंतर रंग जुळवायला, करडं कार्ड हातात देऊन एक फोटो घ्या. आणि चेहऱ्यावर पडलेले उन्हाचे कवडसे पाहायला विसरू नका. कपाळावरचा एक कवडसा डोळ्यांवरची नजर हिसकावून घेतो.

चिऱ्याच्या अंगणात हाच प्रकार लाल रंगाचा होतो. जांभ्यावर ऊन पडलं की हनुवटीखाली आणि नाकपुडीपाशी तांबूस झाक चढते, समीक्षेत ती ‘मेकअप बिघडलाय’ म्हणून वाचली जाते. चौकटीबाहेर, पायांपाशी कापड अंथरा. पांढरं अंथरलं तर खालून उजेड उचलला जातो. डोळ्यांखालच्या सुरकुत्या मऊ होतात, वयस्कर चेहऱ्याला ते मानवतं. तरुण चेहऱ्याची हनुवटी ठसठशीत हवी असेल तर काळी घोंगडी अंथरा.

(दृश्य : तरुणीचा प्रिंट. चेहरा गोरा, मांडीवरचे हात सावळे. हातांवर थांबा.)

इथे थांबायला हवं.

चेहरा दोन छटा उजळवलाय. हात राहिले. संगणकावर फोटोतल्या नारिंगी रंगाची उजळी वाढवली की कातडी उजळते, आणि त्याबरोबर गालापासून मानेपर्यंतचा उतार सपाट होतो, ओठांतलं रक्त जातं. तांत्रिकदृष्ट्या फोटो मेला. पण समीक्षकाने तेवढ्यावर सोडू नये. या मुलीला न विचारता तिचा रंग बदलला गेला आहे, आणि असं करताना तिला सांगितलं गेलं आहे की आहे तो रंग दाखवण्याजोगा नाही. व्यावसायिक होऊ पाहणाऱ्याने हे आपल्या हाताने करू नये. गिऱ्हाईक ‘जरा उजळ करा’ म्हणतं तेव्हा बहुधा त्याला उजेड हवा असतो. मोठ्या खिडकीपाशी बसवा, सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरा, डोळ्यांत उजेडाचा ठिपका आणा. त्यानंतर प्रिंट दाखवा आणि मग विचारा.

रिटचिंगला एक साधा निकष पुरतो : दोन आठवड्यांत आपोआप जाणारं काढावं, कायमचं ठेवावं. मुरूम, ओरखडा, डासाचा चावा काढा. तीळ, व्रण, सुरकुती ठेवा. शंभर टक्के मोठं करून कातडीची छिद्रं दिसेनाशी झाली असतील तर दोन पावलं मागे या.

(दृश्य : नववा प्रिंट. सगळा धुरकट.)

हा फोटो पाहून बहुतेक जण ‘कॉन्ट्रास्ट वाढव’ म्हणतील. कारण वेगळं आहे. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात तासभर उभं राहिलं की खारट वाऱ्याचा पातळ थर पुढच्या काचेवर बसतो. सूर्यासमोर कॅमेरा धरला की तो उजेड पसरवतो. ओलसर मऊ कापडाने आधी मीठ विरघळवायचं, मग कोरड्या कापडाने पुसायचं. कोरडंच घासलं तर ओरखडे पडतात. पावसाळ्यात याच्या जोडीला बुरशी. लेन्स कातडी पिशवीत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या.

उरलेल्यांपैकी दोघांत खांब डोक्यातून उगवलाय, एकात हात मनगटापाशी कापला गेलाय. एक प्रिंट गडद आलाय, कारण मॉनिटरची उजळी पूर्ण चढवलेली होती. ती चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलावर आणली की पडदा आणि कागद जुळतात. बारावा फोटो चांगला आहे. त्यावर कुणी बोललं नाही तरी चालेल. सगळे त्याच्यासमोर जास्त वेळ उभे राहिले, ते फोटोग्राफरने पाहिलं पाहिजे.

(दृश्य : प्रिंटांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी.)

प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर एक दोष, त्याचं कारण आणि तारीख लिहायची. दोन आठवड्यांत तीच व्यक्ती, तीच जागा, तीच वेळ गाठून फोटो पुन्हा काढायचा. नवीन जागी नवा चांगला फोटो मिळाला तर जुना दोष गेला की नाही ते कळत नाही. यासाठी कोकणात एक सोयीचा काळ आहे : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, माणसं घरी, जाळी दुरुस्त करत बसलेली. ढगाळ आभाळाचा उजेड दिवसभर सारखा. एकाच माणसाला तीनदा भेटता येतं, आणि तिसऱ्या भेटीत त्याच्या खांद्यातला ताठरपणाही गेलेला असतो. त्याला प्रत्येक वेळी प्रिंट नेऊन द्या. तेवढं आपण त्याचं देणं लागतो.

पुढच्या समीक्षेला निवडलेल्या फोटोंसोबत टाकलेल्या फ्रेमही न्या. चाळीस फ्रेमांतून तुम्ही विसावी घेतली आणि सगळ्यांना तेविसावी बरी वाटली, तर चूक निवडीत आहे, आणि ती कॅमेऱ्याच्या चुकीपेक्षा उशिरा सापडते. लंडनमध्ये १८५३ साली स्थापन झालेली रॉयल फोटोग्राफिक सोसायटी आपल्या पहिल्या पदवीसाठी दहा फोटोंचा संच मागते. दहा फोटो शेजारी शेजारी ठेवले की एखादा नशिबाने आलेला फोटो ओळखू येतो. एखाद्या संस्थेत नाव नोंदवा किंवा नका नोंदवू, पण दहांचा संच घरच्या भिंतीवर लावून पाहाच.

आणि एक परीक्षा : अनोळखी माणूस, भरदुपार, वीस मिनिटं, जागा तुम्ही न निवडलेली. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांत खड्डे पडणार. ओटी शोधा, होडीची सावली शोधा, काहीच नसेल तर डोक्यावर चादर धरायला लावा. त्यातून एक देण्याजोगा फोटो दर वेळी निघत असेल, तर पैसे घ्यायला सुरुवात करा.

(दृश्य : गणपतीच्या दिवसांतलं घर. चाकरमानी आलेले, ओटीवर गर्दी.)

कोकणात पोर्ट्रेटचा खरा हंगाम गणपती आणि शिमगा. तेव्हाच सगळं घर एकत्र असतं. तीन रांगा, ३५ मिलिमीटर, एफ ५.६, चार मीटर अंतर, फोकस पहिल्या रांगेच्या जरा मागे. कडेला लहान मुलं बसवू नका, कडा ताणल्या जातात. मिटलेले डोळे टाळण्यासाठी एक हिशेब आहे, २००६ साली त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं होतं : वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची शक्यता भरपूर. पंधरा जणांना पाच, ट्यूबलाइटखाली आठ. ट्यूबलाइटमध्ये शटर १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दुसऱ्या वेगाला पट्टे येऊ शकतात.

दर ठरवताना फक्त शूटचा तास मोजू नका. दीड लाखाचा कॅमेरा पाच वर्षं चालला तर वर्षाला तीस हजार. वर्षात साठ कामं असतील तर प्रत्येकावर पाचशे रुपये नुसते कॅमेऱ्याचे. त्यावर प्रवास, निवड, दुरुस्ती, प्रिंट आणि तुमची मजुरी. आगाऊ रक्कम आणि कराराचा कागद, दोन्ही आधी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. तो फोटो स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा असेल तर तसं लिहून घ्या, आणि चेहरा ज्याचा आहे त्याचीही संमती घ्या.

शेवटी फ्रेम. दमट हवेत प्रिंट थेट काचेला टेकला तर एकदोन पावसाळ्यांत चिकटतो, सोडवताना रंग निघून येतो. मध्ये दोन मिलिमीटर जाडीचा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, ठेवा, मागून हवा खेळेल अशी जागा सोडा, समुद्राकडच्या भिंतीवर टांगू नका म्हणून सांगा. आणि आश्विनात पाऊस ओसरला की त्या घरी जाऊन फ्रेम उतरवून पाहा. समीक्षेच्या टेबलावर प्रिंट नवा असतो, तिथे हा दोष कुणालाच दिसत नाही.