बॉक्स हिलवरचे एक वाक्य

श्रोतेहो, नमस्कार.

जेन ऑस्टिन यांची 'एमा' ही कादंबरी 1815 च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे इंग्रजी साहित्य घेऊन पदवी मिळवलेल्या अनेकांच्या वाट्याला या लेखिकेची एखादी तरी कादंबरी आलेली असते, आणि ती अभ्यासताना व्यक्तिचित्रणाचे उत्तर वेगळे आणि सामाजिक पार्श्वभूमीचे उत्तर वेगळे, असे दोन तुकडे पाठ केलेले असतात. 'एमा'पुरते तरी हे दोन तुकडे करता येत नाहीत, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे. या कादंबरीत माणसाचा स्वभाव उघडा पडतो तो आपल्याहून खालच्या पायरीवरच्या माणसाशी तो कसा वागतो, त्या ठिकाणी. पुन्हा सांगते, खालच्या पायरीवरच्या माणसाशी. बरोबरीच्या माणसांशी गोड बोलणे हायबरीत सर्वांनाच जमते.

हायबरी हे कादंबरीतले गाव सरे परगण्यात, लंडनपासून सोळा मैलांवर आहे. तिथल्या हार्टफील्ड या घरात एमा वुडहाउस आपल्या वृद्ध वडिलांसोबत राहते. ती देखणी आहे, हुशार आहे, 30,000 पौंडांची धनीण आहे, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत मनाला लागावे असे तिच्या आयुष्यात फारसे काही घडलेले नाही. शेजारच्या डॉनवेल अ‍ॅबीचे जमीनदार मिस्टर नाइटली हे तिच्या बहिणीचे थोरले दीर. ते एमाहून सोळा-सतरा वर्षांनी मोठे आहेत, आणि गावात तिचे दोष तिला तोंडावर सांगणारे ते एकटेच आहेत.

एमाला लोकांची लग्ने जुळवण्याची हौस आहे. आईबाप कोण हे ठाऊक नसलेली, गावच्या शाळेत ठेवलेली हॅरिएट स्मिथ नावाची साधीभोळी मुलगी ती मैत्रीण म्हणून जवळ करते. नाइटली यांचे कूळ असलेला रॉबर्ट मार्टिन हा कष्टाळू, सरळ मनाचा तरुण शेतकरी हॅरिएटला मागणी घालतो, आणि एमा तिला ती मागणी नाकारायला लावते. त्यामागचा तिचा विचार ऐकण्यासारखा आहे. ती म्हणते की शेतकरी आणखी एक-दोन पायऱ्या खाली असता तर आपण त्याच्या कुटुंबाला काही मदत तरी केली असती. पण याला आपल्या मदतीची गरजच नाही, म्हणून त्याच्याशी आपला संबंध येण्याचे कारण नाही. आपल्या उपकाराची ज्याला गरज आहे तोच आपल्या नजरेत भरतो, ही तिच्या मनाची घडण लेखिकेने या एका उद्गारात दाखवली आहे.

आता मिस बेट्स यांच्याकडे वळू. माझ्या मते या कादंबरीतले सर्वांत महत्त्वाचे पात्र त्या आहेत. त्या गावच्या दिवंगत धर्मगुरूंच्या कन्या. लग्न झालेले नाही, रूप नाही, पैसा नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन त्या एका व्यापारी कुटुंबाच्या घरातल्या मजल्यावर अगदी काटकसरीने राहतात. घर फिरले की घराचे वासेही फिरतात म्हणतात, पण हायबरीतले वासे अजून पुरते फिरलेले नाहीत. हार्टफील्डहून त्यांच्याकडे डुकराच्या मांसाचा मागचा अख्खा भाग जातो, आणि डॉनवेलहून सफरचंदे जातात. नाइटली तर त्या जातीची उरलेली सगळी सफरचंदे पाठवून देतात, आणि धन्याला आता या मोसमात सफरचंदाचे टार्ट मिळणार नाही म्हणून त्यांची घरसांभाळी बाई नाराज होते. हे सगळे आपल्याला कळते ते मिस बेट्स यांच्याच तोंडून, कारण या बाई अखंड बोलतात. आईचा चष्मा, पुतळीसारखी जपलेली भाची जेन फेअरफॅक्स, तिची पत्रे, शेजाऱ्यांचे उपकार, एका वाक्यातून दुसऱ्यात त्या सहज घसरतात. पडद्यावर ही कादंबरी आणताना त्यांच्या बोलण्याला पहिली कात्री लागते आणि टोप्या, झगे, घोडागाड्या यांना मात्र भरपूर जागा मिळते, याचे मला फार वाईट वाटते. त्यांची लांबण मुळातून वाचावी. उपकारावर जगणाऱ्या माणसाला सतत कृतज्ञ राहावे लागते, आणि ती कृतज्ञता शब्दांनी फेडत राहावी लागते, हे त्या लांबणीतूनच कळते.

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी मी ही कादंबरी पुन्हा पुन्हा हातात घेते. जूनचे दिवस आहेत. आदल्या दिवशी डॉनवेलला स्ट्रॉबेऱ्या खाण्याचा कार्यक्रम झालेला आहे आणि आज मंडळी सात मैलांवरच्या बॉक्स हिल या टेकडीवर सहलीला आली आहेत. ही टेकडी खरीखुरी आहे, सरेमध्ये डॉर्किंगजवळ. हवा सुंदर आहे, पण मंडळींचे सूत जमत नाही. नवे धर्मगुरू एल्टन आणि त्यांची ठसकेबाज पत्नी एका बाजूला, नाइटली हे मिस बेट्स आणि जेन यांच्यासोबत दुसऱ्या बाजूला, आणि एमा, हॅरिएट व फ्रँक चर्चिल तिसऱ्या बाजूला. फ्रँक हा लाघवी, उथळ तरुण एमाची उघड उघड खुशामत करत आहे. सगळे कंटाळलेले पाहून तो जाहीर करतो की मिस वुडहाउस यांची आज्ञा आहे, प्रत्येकाने एक तरी अत्यंत चतुर गोष्ट सांगावी, नाहीतर दोन बऱ्यापैकी चतुर, नाहीतर तीन अगदी नीरस गोष्टी सांगाव्यात. त्या मनापासून हसतील.

मिस बेट्स लगेच म्हणतात, "मग मला काळजीच नको. तीन नीरस गोष्टी, हे मला अगदी जमेल. मी तोंड उघडले की तीन नीरस गोष्टी बाहेर पडणारच, नाही का?" आणि त्या मोठ्या विश्वासाने सर्वांकडे पाहतात.

एमाला राहवत नाही. ती म्हणते, "पण बाई, एक अडचण येईल. क्षमा करा, आपल्याला संख्येची मर्यादा पाळावी लागेल. एका वेळी फक्त तीनच."

श्रोतेहो, वाक्य एवढेच आहे. आवाजात आदराचा आव आहे, म्हणून बाईंना अर्थ चटकन उमगत नाही. उमगतो तेव्हा त्यांना राग येत नाही. चेहऱ्यावर हलकीशी लाली येते आणि ते त्यांना लागले आहे, हे त्या लालीवरून दिसते. नाइटलींकडे वळून त्या म्हणतात, "खरेच, त्यांना काय म्हणायचे आहे ते कळले मला. मी गप्प बसण्याचा प्रयत्न करीन. मी फारच नकोशी होत असले पाहिजे, एरवी जुन्या स्नेह्याला त्या असे बोलल्या नसत्या." म्हणजे पाणउतारा झाला तोही त्यांनी स्वतःचाच दोष ठरवला. लगोलग दुसरे एक गृहस्थ एमाच्या स्तुतीचे कोडे घालतात आणि तो विषय तिथेच मागे पडतो.

परतीच्या वेळी एमा गाडीची वाट पाहत उभी असताना नाइटली तिच्याजवळ येतात. "मिस बेट्सशी तू इतकी निष्ठुर कशी होऊ शकलीस?" एमा लाजते, पण हसण्यावारी नेते. "त्यात एवढे काय झाले? त्यांना कळलेही नसेल." "कळले. पुरते कळले. तेव्हापासून त्या त्याबद्दलच बोलत आहेत, आणि किती मोठ्या मनाने बोलत आहेत, ते तू ऐकायला हवे होतेस." एमा म्हणते, त्या भल्या आहेत, पण त्यांच्यात भलेपणा आणि हास्यास्पदपणा यांची सरमिसळ झाली आहे, हे तुम्हीही मान्य कराल. ते मान्य करतात. यापुढचे बोलणे या कादंबरीचा गाभा आहे, म्हणून सावकाश सांगते. त्या श्रीमंत असत्या, स्थितीने तुझ्या बरोबरीच्या असत्या, तर तुझ्या थट्टेबद्दल मी भांडलो नसतो. पण त्या गरीब आहेत. ज्या सुखात जन्मल्या त्यातून खाली आल्या आहेत आणि म्हातारपणी बहुधा आणखी खाली जातील. एके काळी त्यांनी तुझी दखल घेणे हा तुझा मान होता. त्यांनी तुला लहानाची मोठी होताना पाहिले. त्यांना तू हसलीस, भाचीच्या देखत हसलीस, आणि तू त्यांच्याशी जशी वागशील तसेच त्यांच्याशी वागणाऱ्या लोकांच्या देखत हसलीस.

शेवटचा मुद्दा पुन्हा ऐका: तू वागशील तसेच वागणाऱ्या लोकांच्या देखत. एमाचे एक वाक्य हे गावातल्या पहिल्या घराण्याचे वाक्य आहे. मिस बेट्स यांची सारी पत, गावकऱ्यांनी त्यांना दिलेला आदर, हीच त्यांची एकमेव मिळकत आहे, आणि एमाने हात घातला तो त्या मिळकतीला. 'गरिबांवर दया करा' असे मोघम नाइटली सांगत नाहीत. समाजातली उंची म्हणजे जबाबदारी, ती तू विसरलीस, असा त्यांचा नेमका आरोप आहे.

एमा काहीच बोलू शकत नाही. गाडी निघते, आणि घरापर्यंतच्या वाटेवर तिच्या गालांवरून आसवे वाहत राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आपण होऊन मिस बेट्स यांच्या जिन्याशी जाते. बाई तिचे स्वागत पूर्वीसारखेच करतात, पण त्या स्वागतातला पूर्वीचा मोकळेपणा काहीसा कमी झाला आहे, हे तिला जाणवते. त्या भेटीबद्दल कळल्यावर नाइटली तिचा हात हातात घेतात, ओठांशी नेणार इतक्यात सोडून देतात. या प्रणयकथेतला मला सर्वांत खरा वाटणारा प्रेमाचा क्षण असा एका गरीब प्रौढ बाईच्या निमित्ताने येतो.

लेखिकेला हे कुठून कळले असेल, असा प्रश्न पडतो. त्याही धर्मगुरूंच्या कन्या होत्या आणि अविवाहित होत्या. 1805 मध्ये वडील वारल्यावर आई आणि दोघी बहिणी भावांच्या आधाराने राहू लागल्या; 1809 मध्ये एका भावाने चॉटन येथे दिलेल्या घरात त्या स्थिरावल्या आणि तिथे राहत असतानाच 'एमा' लिहिली गेली. त्यांचे स्वतःचे स्थान एमाच्या दिवाणखान्यापेक्षा मिस बेट्स यांच्या मजल्याला जवळचे होते. तरीही त्यांनी कथा एमाच्या नजरेतून सांगितली आणि वाचकाला आधी त्या चुरचुरीत वाक्यावर हसू दिले. आपण हसतो, आणि नाइटलींचे शब्द मग आपल्यालाही लागू होतात.

मात्र एमा बदलली म्हणून हायबरी बदलत नाही. हॅरिएटचे लग्न अखेर रॉबर्ट मार्टिनशीच होते. तिचे वडील व्यापारी होते, हेही उघड होते. एमा आता त्या शेतकऱ्याला मान देते, पण तिची आणि हॅरिएटची मैत्री यापुढे ओसरून नुसत्या सद्भावनेपुरती उरणार, असे लेखिका स्पष्ट लिहितात आणि ते योग्यच आहे असेही सुचवतात. काही वाचकांना हा शेवट खटकतो. मलाही तो सुखाचा वाटत नाही, पण तो बदलून लिहिला असता तर मी या कादंबरीवर कमी विश्वास ठेवला असता.