साम नसलेला पट

मंडळी, आपण साम, दाम, दंड, भेद म्हणतो तेव्हा पहिला मान सामाला देतो. आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे, त्याच्या पटावर साम नाहीच! 'रिव्होल्यूशन' असं त्याचं नाव. २००९ साली अमेरिकेतल्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सने तो काढला, रचनाकार फिलिप डुबॅरी.

शहरात बंड होऊ घातलंय. सेनापती, न्यायाधीश, धर्मगुरू, छापखानेवाला, हेर अशी बारा वजनदार माणसं आहेत, आणि ती आपल्याकडे वळवायची. प्रत्येकाने आडोसा धरून आपल्या तक्त्यावर गुपचूप बोली लावायची, मग सगळ्यांनी एकदम आडोसे काढायचे. हाताशी पाच टोकनं: एक बळ, एक भेद आणि तीन सोनं. भेद म्हणजे कुणाचं तरी बिंग आपल्या मुठीत असणं. एक भेद कितीही सोन्याला भारी, आणि एक बळ कितीही भेदांना. काही माणसांवर मात्र बळ चालत नाही, काहींवर भेद. दोघांची बोली सारखी झाली, तर तो माणूस कुणाचाच नाही, आणि लावलेलं सगळं पाण्यात.

इथे बडोद्यात, दांडिया बाजारात आमच्या घरी हा खेळ पहिल्यांदा मांडला, तेव्हा मेहुण्याने आणि मी धर्मगुरूवर तीन-तीन सोनं लावलं. धर्मगुरू वळला की पटावरच्या चर्चच्या जागेत आपला ठोकळा ठेवता येतो, तो दोघांनाही हवा होता. दोघेही कोरडे! मावशीने एकच सोनं छापखानेवाल्यावर ठेवलं होतं. तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं, त्यामुळे जनतेचा पाठिंबा, म्हणजे गुण, तिला फुकटात पडले. "अरे, तुम्ही एकमेकांकडे बघून खेळता, मी रिकाम्या खुर्चीकडे," असं म्हणून ती चहा टाकायला गेली. आमची दैना पुढच्या फेरीत: हात रिकामा झाला की पाच टोकनं भरून मिळतात, पण निव्वळ सोन्याची. म्हणजे ज्याच्याकडे नुसता पैसा, तोच सगळ्यांत दुबळा.

ही सारखी झालेली बोली बघून मला बडोद्याचाच प्रसंग आठवतो. १८७४च्या नोव्हेंबरात रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळलं, संशय बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज सदस्य म्हणाले, दोषी. जयपूरचे महाराज, ग्वाल्हेरचे शिंदे आणि तिथलेच माजी दिवाण दिनकरराव राजवाडे यांना ते पटलं नाही. तीनास तीन! खेळाच्या नियमाने कुणालाच काही मिळायला नको होतं. पण एप्रिल १८७५मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलंच, गैरकारभाराचं कारण पुढे करून. निकाल हुकत होता तेव्हा सरकारने दुसऱ्याच घरात बळ ठेवलं, एवढंच. पुढच्याच महिन्यात आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी गोपाळरावांना दत्तक घेतलं, तेच आपले सयाजीराव.

खेळात मला सगळ्यांत आवडतो तो हेर. तो मिळाला की दुसऱ्याचा एक ठोकळा उचलून आपला ठेवता येतो. सगळ्या जागा भरल्या की ज्या जागी ज्याचे जास्त ठोकळे, तिचे गुण त्याला. त्यामुळे शेवटच्या फेरीत हेरावर सगळेच तुटून पडतात. आणि नेमके तिथेच पुन्हा सारखे होतात. साम पटावर नाही म्हणालो खरं, पण तेव्हा तो तोंडात येतो: "मी हेराला हात लावत नाही, शप्पथ!" आमच्या घरात अजून कुणी ती शपथ पाळलेली नाही.

मागच्या टेबलावर पट मांडून ठेवलाय. कमीत कमी तिघं लागतात, जास्तीत जास्त चौघं. मावशी आधीच जाऊन बसलीये.