‘पार्ले’चा भूतकाळ आणि त्याची फुकटची बदनामी

(विलेपार्ले येथील संध्याकाळच्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

निमंत्रणावर विषय छापलाय, ‘नियमित फ्रेंच क्रियापद पास्ट सब्जंक्टिव्हमध्ये कसं चालवावं’. सब्जंक्टिव्ह म्हणजे इच्छा, शंका, भीती असं काही बोललं की त्यामागे येणारं क्रियापदाचं रूप. तरीही खुर्च्या भरल्यात. याचं श्रेय बाहेर तळल्या जाणाऱ्या बटाटेवड्यांना आहे हे मी जाणून आहे.

उदाहरणाला क्रियापद घेतलंय ‘पार्ले’, म्हणजे बोलणे. पार्ल्यात दुसरं कुठलं घेणार? मूळ रूपाचा उच्चार ‘पार्ले’ आणि ‘बोललेलं’ या रूपाचाही ‘पार्ले’च, फक्त स्पेलिंग वेगळं. नियमित क्रियापदांचा आणखी एक गट आहे, त्यातलं नेहमीचं उदाहरण ‘वांद्र’. म्हणजे विकणे. वांद्र्यात सध्या जे चाललंय तेच. (हशा) मधल्या सांताक्रूझ आणि खारसाठी फ्रेंचांनी सोय केलेली नाही.

आता माझं दुखणं. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात ते मार्क मिळतात म्हणून. त्यावर माझा आक्षेप नाही, संस्कृतही आपण त्याच भक्तिभावाने घेतो. आक्षेप प्रश्नपत्रिकेवर आहे. ‘पार्ले, पास्ट सब्जंक्टिव्ह, नू (म्हणजे आम्ही)’, आणि पुढे रिकामी जागा. कोण कुणाला म्हणतंय, आनंदाने की भीतीने, काही नाही. अहो, मुख्य वाक्याशिवाय सब्जंक्टिव्ह म्हणजे इंजिनाशिवाय डबा. रुळावर उभा आहे, पण जाणार कुठे? मुलं पाठ करतात, पैकीच्या पैकी मिळवतात आणि पुढच्या जूनमध्ये सगळं साफ.

सगळ्यांचंच साफ होतं असं नाही. माझी एक विद्यार्थिनी, हुशार, कोष्टकं तोंडपाठ, पुढच्या शिक्षणाला फ्रान्समध्ये लियोंला गेली. भाड्याच्या खोलीत गरम पाणी येईना. घरमालकीण वयस्कर, तिला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून हिने दारात चिठ्ठी सरकवली, ‘तुम्ही प्लंबरशी बोलावं अशी माझी इच्छा होती.’ मुख्य वाक्य भूतकाळात, म्हणून व्याकरणाला धरून तिने लिहिलं, ‘क वू पार्लासिये’. हा इम्परफेक्ट सब्जंक्टिव्ह, म्हणजे त्याचं जुनं, भूतकाळातल्या मुख्य वाक्यामागे येणारं रूप. शंभर टक्के शुद्ध. म्हातारीने चिठ्ठी वाचली, चष्मा बदलून पुन्हा वाचली आणि शेजारणीला हाक मारून जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवली. दोघी हसून बेजार. आजकाल असं कुणी बोलत नाही, लिहितातही ते जुन्या वळणाचे लेखक किंवा मुद्दाम भाव खाणारे. त्या एका चिठ्ठीने पोरीला चाळीत, म्हणजे तिथल्या इमारतीत, मान मिळाला. पाणी थंडच राहिलं.

या इम्परफेक्टचं मूळ आहे ‘पासे सांप्ल’ या भूतकाळात, आणि तोच बोलण्यातून गेला. कथा-कादंबऱ्यांत उरला, दुकानात भाजी घेताना नाही. तो गेल्यावर त्याच्यावर वाढलेलं हे बांडगूळही वाळलं. खुद्द फ्रेंच सरकारने हात सैल सोडला. 26 फेब्रुवारी 1901 ला शिक्षणमंत्री झॉर्झ लेग यांनी काढलेल्या आदेशात, ‘त्याने यायला हवं’ छापाच्या वाक्यांत इम्परफेक्टऐवजी साधा प्रेझेंट सब्जंक्टिव्ह लिहिला तरी परीक्षेत चूक धरू नये, असं आहे. शंभर वर्षं उलटून गेली. आमचे परीक्षक अजून... असो. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय.

तर मूळ विषय. मुलं ‘पास्ट सब्जंक्टिव्ह’ हे नाव ऐकलं की पार्लासियेच्या भीतीने आधीच गळाठतात. वास्तविक दोघांचा संबंध फक्त आडनावापुरता. पास्ट सब्जंक्टिव्ह धडधाकट आहे, रोजच्या बोलण्यात आहे, कारण तो ‘पासे कोंपोझे’च्या, म्हणजे बोलण्यातल्या नेहमीच्या भूतकाळाच्या, चालीवर उभा आहे, आणि ते तर पहिल्या वर्षीच येतं. ‘तो बोलला’, ‘इल आ पार्ले’. आता म्हणा, ‘तो बोलला असं मला वाटत नाही.’ शंका आली, की ‘आ’च्या जागी ‘ए’, ‘किल ए पार्ले’ (‘किल’ म्हणजे ‘की तो’). झालं! ‘आव्वार’ या साहाय्यक क्रियापदाचा प्रेझेंट सब्जंक्टिव्ह, पुढे ‘पार्ले’ जसंच्या तसं. क झे पार्ले, क त्यू ए पार्ले, किल ए पार्ले, क नूझेयों पार्ले, क वूझेये पार्ले, किलझे पार्ले. ‘फिनी’ (संपवलेलं) घाला, ‘वांद्यू’ (विकलेलं) घाला, पुढचा डबा बदलतो, बाकी काही नाही.

खरी गोम लिहिण्यात आहे. मी, तू, तो आणि ते, चौघांचा उच्चार ‘ए’. स्पेलिंगं मात्र चार: ए-आय-ई, ए-आय-ई-एस, ए-आय-टी, ए-आय-ई-एन-टी. तिसऱ्यातली ती ‘टी’ जपा, मुलं सवयीने तिथे ‘ई’ लिहितात. आव्वार आणि एत्र (असणे) ही दोनच क्रियापदं तिथे ‘टी’ घेतात.

एत्र म्हटल्यावर ‘अरीवे’, म्हणजे पोचणे, घाईत सांगतो. तेही नियमित, पण सोबत एत्र घेतं: ‘किल स्वा अरीवे’. इथे लिंगवचन लागतं, ती पोचली तर शेवटी एक ‘ई’ जास्त, त्या पोचल्या तर ‘ई-एस’. मराठी माणसाला यात जड काय? उलट ‘ती बोलली’ म्हणायची सवय असल्यामुळे आपण ‘पार्ले’लाही ती ‘ई’ चिकटवतो. तिथे नको.

आणि नावात ‘पास्ट’ असलं तरी गोष्ट घडून गेलेलीच हवी असं नाही. ‘शनिवारच्या आत तुम्ही प्लंबरशी बोललेलं असायला हवं’, ‘इल फो क वूझेये पार्ले’. चिठ्ठीत एवढं लिहिलं असतं तर जिन्यात वाचन झालं नसतं, कदाचित पाणीही आलं असतं.

दोन मिनिटं? एकच सांगतो. आनंद, भीती, शंका यांच्यामागे सब्जंक्टिव्ह येतो, पण आशेमागे, ‘एस्पेरे’मागे, साधा काळच. का, ते प्रश्नोत्तरांत विचारा, म्हणजे वडे संपायच्या आत कुणी विचारणार नाही.