खेळण्यांच्या दुकानातला कोरस

(दृश्य : सिसिली. सकाळचं ऊन. पडक्या विटांच्या भिंतीआड एटना, शिखरावर धुराची रेघ.)

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर ताओर्मिना नावाचं गाव आहे. गावाच्या कडेला, समुद्राच्या वर, टेकडीच्या कुशीत एक जुनं नाट्यगृह आहे. ग्रीकांनी ते इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बांधलं, रोमनांनी पुढे विटा चढवून वाढवलं. रंगमंचामागची भिंत मधोमध ढासळली आहे. त्या खिंडारातून थेट ज्वालामुखी दिसतो.

१९९५ सालच्या एका चित्रपटात याच पायऱ्यांखाली मुखवटे घातलेली माणसं जमतात. हा कोरस, म्हणजे ग्रीक नाटकात गोष्टीवर बोलणारा, गाणारा-नाचणारा वृंद. झगे घातलेली, हात आभाळाकडे उचललेली. अकिलीसचं नाव घेतात, ईडिपसचं घेतात, माणसाच्या नशिबाबद्दल आक्रोश करतात. आणि मग त्याच खर्जात, त्याच गांभीर्यानं लेनी वाइनरिबची गोष्ट सांगायला लागतात.

लेनी वाइनरिब हा न्यूयॉर्कचा क्रीडा पत्रकार. चित्रपटाचं नाव ‘मायटी ॲफ्रोडायटी’. लेखक, दिग्दर्शक आणि लेनीच्या भूमिकेत, वुडी ॲलन.

पहिल्या पाच मिनिटांतच प्रेक्षकांचे दोन तट पडतात. मी हा चित्रपट चार वेळा पाहिला, त्यातला तीनदा दहा-बारा जणांसोबत बसून. दर वेळी हेच झालं. कोरस आला की काही जण खुर्चीत पुढे सरकतात आणि काही मागे रेलून हाताची घडी घालतात. ही घडी शेवटपर्यंत सुटत नाही.

(दृश्य : न्यूयॉर्कचे रस्ते. पिवळ्या टॅक्सी. खिडकीत पाळणा.)

गोष्ट अशी. लेनी आणि त्याची बायको अमांडा एक मुलगा दत्तक घेतात. मॅक्स. मूल हुशार निघतं, गोड निघतं. आणि लेनीच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो : इतक्या छान पोराची आई कोण असेल? चोरून कागदपत्रं बघतो, पत्ता काढतो. सापडते लिंडा. देहविक्रय करणारी, अश्लील चित्रपटांत कामं करणारी, तार सप्तकात बोलणारी, मनानं निर्मळ. मग लेनी तिचं आयुष्य मार्गी लावायचं ठरवतो. तिला त्या धंद्यातून सोडवायचं, केव्हिन नावाच्या साध्याभोळ्या मुष्टियोद्ध्याशी तिचं जुळवून द्यायचं. आपण तिच्या मुलाचे वडील आहोत, हे मात्र तिला सांगायचं नाही.

कोरस हे सगळं बघत असतो. नुसता बघत नाही, मध्ये पडतो. लेनी दत्तक संस्थेच्या कचेरीत फायली उचकत असताना कोरसचा म्होरक्या तिथे उगवतो आणि त्याला अडवू पाहतो. भविष्य सांगणाऱ्या कॅसांड्राला पुढचं संकट दिसतं, त्याहून वाईट म्हणजे तिला वकील दिसतात. कोरस देवांचा राजा झ्यूसचा धावा करतो, तर आकाशातून आन्सरिंग मशीनचा आवाज येतो : मी घरी नाही, निरोप ठेवा. आणि आंधळा द्रष्टा टायरेसिअस न्यूयॉर्कच्या फुटपाथवर भीक मागत बसलेला असतो. अमांडाचं बाहेर काय चाललंय ते तो लेनीला सांगतो.

हाताची घडी घातलेल्यांचं म्हणणं मला नीट ऐकवतं. ते म्हणतात, सोफोक्लीसचा ‘ईडिपस’ वाचला की पोटात खड्डा पडतो. स्वतःचे डोळे फोडून घेणारा राजा, गळफास घेतलेली योकास्टा, त्याची आई आणि नकळत झालेली बायको. त्या योकास्टाला इथे विनोद सांगायला उभं केलंय. आपल्या घराण्याच्या दुर्दैवातून तासावर पैसे घेणाऱ्या मानसोपचारकांचा धंदा जन्माला आला, हे इथे हसण्यावारी सांगितलं जातं. दुःखाची ही टवाळी कशाला? ज्यांनी पुलंनी मराठीत आणलेला ‘राजा ओयदिपौस’ वाचलाय, त्यांना ही बोच जास्तच लागते. त्या भाषांतरातलं गांभीर्य कानात घुमत असतं.

पण आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी वेगळाच मुद्दा काढला. ते म्हणाले, ‘घाशीराम’मध्ये ती ब्राह्मणांची रांग आठवा. क्षणात भिंत, क्षणात गर्दी, क्षणात कीर्तन. गाते, नाचते, डोलते, आणि पोटात काय भयंकर दडवून ठेवते. नाचणारा वृंद दुःखाची चेष्टाच करतो, हे कुणी सांगितलं?

मला तिथं थांबावंसं वाटलं. कारण हा वाद आजचा नाही.

(दृश्य : अथेन्स. ॲक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरचं डायोनिससचं नाट्यगृह. रिकाम्या दगडी पायऱ्या.)

ही ती जागा. इथे प्रेक्षक नाटक बघून नुसते घरी जात नसत. नाटकांची स्पर्धा असे, परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि लोकांच्या आरडाओरड्याचं दडपण त्यांच्यावर असे. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये नाटककार युरिपिडीसनं ‘मेडिया’ आणलं. आज जगभर खेळलं जाणारं नाटक. त्या वर्षी त्याचा क्रमांक तिसरा लागला, म्हणजे शेवटचा.

त्याच्याही आधीची एक गोष्ट ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं लिहून ठेवली आहे. पर्शियनांनी मिलेटस शहर उद्ध्वस्त केलं. फ्रिनिकस नावाच्या नाटककारानं त्यावर नाटक केलं. सगळं नाट्यगृह ढसाढसा रडलं. अथेन्सकरांनी फ्रिनिकसला हजार द्राक्मांचा दंड ठोठावला आणि ते नाटक पुन्हा कुणी करायचं नाही, असा हुकूम काढला. आमचं स्वतःचं दुःख आम्हाला दाखवलंस, हा त्याचा गुन्हा.

म्हणजे जिथे शोकांतिका जन्मली, तिथल्याच प्रेक्षकांना शोक किती सोसवतो, याची हद्द होती. आणि हे नाटकवाल्यांनाही ठाऊक होतं. एका कवीच्या तीन शोकांतिका झाल्या की चौथा खेळ सॅटिर नाटकाचा. घोड्याच्या शेपटीचे, दारू पिऊन धिंगाणा घालणारे सॅटिर यायचे आणि त्याच देवांची, त्याच वीरांची धमाल उडवायचे. सकाळभर ज्यांच्यासाठी रडले, त्यांच्यावरच लोक हसत घरी जायचे. तेव्हा ग्रीक मुखवट्याला हसवलं की ग्रीकांचा अपमान होतो, हे म्हणणं मला पटत नाही.

ॲरिस्टॉटलला मात्र गोड शेवट फारसा रुचत नसे. काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात तो म्हणतो की भल्यांचं भलं आणि बुऱ्यांचं बुरं करणारा शेवट कवी लिहितात तो प्रेक्षकांच्या दुबळेपणामुळे. लोकांना जे हवं, ते देतात. हा आनंद शोकांतिकेचा नव्हे, सुखात्मिकेचा, जिथे हाडवैरीसुद्धा शेवटी मित्र होऊन निघून जातात आणि कुणी कुणाला मारत नाही. हाताची घडी घालून बसलेल्यांच्या मागे एवढा मोठा माणूस उभा आहे.

(दृश्य : ऑस्कर सोहळ्याची छायाचित्रं. मार्च १९९६.)

कोरसवरून कितीही भांडण झालं, तरी एका बाबतीत बहुतेकांचं एकमत होतं. लिंडाचं काम करणारी मीरा सोर्व्हिनो. मार्च १९९६ मध्ये तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. तिनं वडिलांचे आभार मानले तेव्हा प्रेक्षकांत बसलेले पॉल सोर्व्हिनो, स्वतः नामवंत नट, ओक्साबोक्शी रडत होते. ते दृश्य अजून लोक शोधून शोधून बघतात.

हार्वर्डमध्ये पूर्व आशियाचा अभ्यास केलेली, चिनी भाषा येणारी ही मुलगी. तिनं लिंडासाठी तो चिरका, लहान मुलीसारखा आवाज काढला. पहिल्यांदा तो कानाला टोचतो. अर्ध्या तासानं तो ऐकू आला की बरं वाटायला लागतं. लिंडाच्या तोंडी येणारे शब्द ओंगळ, आणि ते उच्चारताना चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नाही. मूल देऊन टाकल्याचं दुःख ती बोलते तेव्हा तोच आवाज असतो, बदललेला नसतो. इथेच तिचं मोठेपण आहे. दुःखासाठी तिनं वेगळा आवाज काढला नाही.

स्त्री प्रेक्षकांपैकी काहींचा आक्षेप वेगळा, आणि तो खोडून काढता येत नाही. लिंडा ही पुरुषानं रंगवलेली बाई आहे. शरीर विकणारी पण मन सोन्याचं, अक्कल बेताची, आणि तिला वाट दाखवायला एक शहाणा पुरुष. अमांडा तर त्याहून पुसट. चित्रकलादालनात काम करते, स्वतःचं दालन उघडायचं स्वप्न बघते, दुसऱ्या पुरुषाकडे ओढली जाते, परत येते. हेलेना बोनम कार्टरसारखी नटी असून तिच्या हाती फारसं काही दिलेलं नाही. मला हा चित्रपट आवडतो, आणि हा दोष मला मान्य आहे.

मग २०१७ साल आलं. याच चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी १९९५ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गेले असताना वितरक कंपनीचे प्रमुख हार्वी वाइनस्टीन यांनी आपला छळ केला, असं मीरा सोर्व्हिनोनं जाहीरपणे सांगितलं. त्यांना नकार दिल्यावर आपली कामं आटली, असं तिचं म्हणणं. वाइनस्टीन यांनी आरोप नाकारले. पण त्याच वर्षी दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी सांगितलं की तिला घेऊ नका, असा सल्ला आपल्याला त्या कंपनीकडून मिळाला होता. वुडी ॲलन यांच्यावर त्यांच्या दत्तक मुलीनं १९९२ पासून अत्याचाराचा आरोप केला आहे. तो त्यांनी कायम नाकारला, आणि त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. २०१८ च्या जानेवारीत मीरा सोर्व्हिनोनं त्या मुलीची खुल्या पत्रातून माफी मागितली.

आता अनेक जण हा चित्रपट लावतच नाहीत. ज्यांनी पूर्वी तीनदा पाहिला, तेही. मी त्यांना आग्रह करत नाही. एका दत्तक मुलाची गोष्ट, आणि ती सांगणारा माणूस, हे वेगळं ठेवणं ज्यांना जमत नाही, त्यांचं जमत नाही म्हणणं मी ऐकून घेतो.

(दृश्य : डेल्फी. डोंगराच्या कुशीतलं अपोलोचं मंदिर. मग अंधाऱ्या गुहेचं तोंड.)

ज्या काकूंच्या मतामुळे मी हे निवेदन लिहायला बसलो, त्यांच्याकडे आता येतो. त्या आमच्या शेजारच्या. मुलगी दत्तक घेतलेल्या. ती आता मोठी झाली आहे. चौथ्या वेळी त्या आमच्यासोबत बसल्या. कोरसच्या नाचावर मनापासून हसल्या. शेवटाला मात्र खोलीत सगळे हसत असताना त्या हसल्या नाहीत.

तो शेवट सांगायलाच हवा. केव्हिनला लिंडाचा भूतकाळ कळतो आणि तो तिला मारहाण करून सोडून जातो. लेनीचाही संसार मोडायला आलेला. त्या रात्री दोघं एकमेकांजवळ येतात. पुढे लेनी आणि अमांडा पुन्हा एकत्र येतात. लिंडाच्या वाटेत आकाशातून हेलिकॉप्टर उतरतं, त्यातल्या वैमानिकाशी तिचं लग्न होतं. ग्रीक नाटकात यंत्रावरून देव उतरायचा, इथे हेलिकॉप्टर उतरतं. काही काळानंतर खेळण्यांच्या दुकानात दोघांची गाठ पडते. लेनीसोबत मॅक्स. लिंडासोबत तान्ही मुलगी. ती मुलगी लेनीची आहे, हे लेनीला माहीत नाही. मॅक्स आपला आहे, हे लिंडाला माहीत नाही. एकमेकांच्या मुलांचं कौतुक करतात आणि निघून जातात.

प्रेक्षकांना इथे ईडिपसच आठवतो, कारण कोरसनंच तो आठवून दिलेला असतो. पण ईडिपसमध्ये दत्तक गेलेला मुलगा स्वतः आपलं मूळ खणतो आणि जे हाती लागतं त्यानं उद्ध्वस्त होतो. इथे मुलगा मजेत खेळतोय. खणतो तो बाप.

मला वाटतं या चित्रपटाची हाडं युरिपिडीसच्या ‘आयॉन’ नाटकाची आहेत. अथेन्सची राजकन्या क्रेउसा हिला अपोलो देवापासून मूल होतं, ती ते ॲक्रोपोलिसच्या खालच्या गुहेत टाकून येते. मूल वाचतं, डेल्फीच्या मंदिरात वाढतं. पुढे क्रेउसाचा नवरा झुथस देवाला कौल लावतो आणि त्याला सांगितलं जातं की बाहेर पडताना जो पहिला भेटेल, तो तुझा मुलगा. भेटतो तो आयॉन. क्रेउसाला वाटतं, नवऱ्यानं कुणा परक्या बाईचं पोर घरात आणलं. ती त्याला विष घालायला निघते. सांडलेली दारू पिऊन एक कबुतर तडफडून मरतं, आणि डाव उघडा पडतो. शेवटी ज्या टोपलीत बाळाला ठेवलं होतं ती टोपली समोर येते, आणि आई मुलाला ओळखते. मग देवी अथेना अवतरते आणि क्रेउसाला बजावते : झुथसला काही सांगू नकोस. तो मुलगा आपलाच आहे असं त्याला सुखानं वाटू दे.

म्हणजे तो बाप आयुष्यभर दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून वाढवणार. कुणी मरत नाही. नाटक आनंदात संपतं. आणि ते शोकांतिकांच्या स्पर्धेसाठीच लिहिलेलं होतं.

काकूंनी हे नाटक वाचलेलं नाही. त्या म्हणाल्या, “आयॉनच्या आईला निदान टोपली तरी मिळाली, असं तू म्हणतोस. या लिंडाला काय मिळालं? मुलाच्या डोक्यावर हात ठेवायच्या अंतरावर ती उभी होती.”

मी म्हटलं, कोरसला ठाऊक होतं की.

“हो ना,” त्या म्हणाल्या. “तो लेनीला सगळं सांगतो. हे करू नकोस, तिकडे जाऊ नकोस. आणि नेमकं हे सांगायची वेळ आली तेव्हा त्यानं तिला नाही सांगितलं. आपल्याला सांगितलं. आपण काय करणार ऐकून?”

कुणीतरी म्हणालं, अहो काकू, विनोदी चित्रपट आहे.

“म्हणूनच सांगतेय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी रिमोट मागितला आणि ते दुकान परत लावलं.

(दृश्य : ताओर्मिना. संध्याकाळ. रिकामा रंगमंच. ‘व्हेन यू आर स्मायलिंग’ची धून, लांबून.)

दुसऱ्या वेळी कुणी बोललं नाही. लेनी दुकानाबाहेर पडतो. लिंडा मुलीला घेऊन दुसऱ्या बाजूला वळते. आणि सिसिलीच्या त्या पायऱ्यांखाली, ज्वालामुखीच्या समोर, मुखवटे उतरवलेली माणसं गायला लागतात, पाय थिरकवत, एका ओळीत. काकू पडद्याच्या कडेकडे बघत होत्या. लिंडा तिथून नुकतीच गेली होती.